शेजारणीच्या दारची वीतभर जागा

तोमिएबाई,

तुम्ही तीन दिवस घरात पडून होतात आणि त्या तिन्ही सकाळी मी तुमच्या दाराबाहेर झाडत होते. हे वाक्य लिहून मी चार कागद फाडले. अजून विश्वास बसत नाही.

क्योतोच्या या गल्लीत झाडायला मला तुम्हीच शिकवलंत. मी ओसाकाची, कॉलेजात शिकलेली, नवी नवरी. पहिल्याच सकाळी उत्साहाच्या भरात तुमच्या दारासमोरचंही सगळं झाडून टाकलं. तुम्ही हसत बाहेर आलात. "अगबाई, हिरानोंच्या सूनबाई! केवढे कष्ट! आमच्या घरात कुणाला हात नाहीत असं वाटलं का हो?" मग चहा पाजून सांगितलंत: आपली हद्द झाडायची आणि वर शेजाऱ्याची वीतभर. कमी झाडलं तर माणूसघाणेपणा, जास्त झाडलं तर टोमणा. "कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं हे?"

यजमान गेल्यावर तुम्ही माडीवरची खोली परदेशी पाहुण्यांना भाड्यानं देऊ लागलात आणि शिकवणं हा तुमचा धर्मच झाला. चाकांची बॅग ओढू नका, उचला. चालताना खाऊ नका. बूट काढा, टोकं दाराकडे करून ठेवा. आधी अंग धुवा, मग टबात उतरा. सहा फुटी माणसं तुमच्यापुढे मुकाट वाकायची.

"लोक सुट्टीवर येतात हो, शाळेत नाही," मी म्हणायचे.

"म्हणूनच तुमच्याकडे कुणी येत नाही."

नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी तुमच्या दारात गल्लीतल्या देवळाच्या झाडाची लाल पानं तशीच पडलेली. मी माझं झाडलं, तुमचं वीतभर झाडलं, थांबले. सर्दी झाली असेल म्हटलं. मंगळवारी पानांचा थर साचला. माझा झाडू पुढे गेला होता, मीच मागे घेतला. दार वाजवायचं, तर "आज झाडलं नाहीत?" असं तोंडावर विचारल्यासारखं. समोरच्या निशिओबाईही बघत होत्या. आम्ही एकमेकींना वाकलो, थंडी पडली म्हणालो आणि आपापल्या घरात गेलो. बुधवारीही तेच! पाच पावलांवर तुम्ही खुबा मोडून स्वयंपाकघरात पडलेल्या, आणि आम्ही दोघी सभ्य बायका थंडीबद्दल बोलतोय.

दुपारी तुमचा पाहुणा आला, अर्जेंटिनाचा राऊल. बॅग खडखडत.

"उचला ती!" मी खिडकीतून ओरडले.

त्यानं तुमचं दार दोनदा वाजवलं. खाली वाकून पानं चाचपली. मोडक्या जपानीत म्हणाला, "खालची पानं जुनी. कुजलेली. आजी कुठे?"

"बाहेर गेल्या असतील. थांबा जरा."

तो थांबला नाही. दार सरकवलं आणि बुटांसकट आत!

"अहो, बूट! बूट!" मी किंचाळले. तोमिएबाई, मी बुटांसाठी किंचाळले.

मग त्याची हाक आली आणि मी धावले. तुमचे ओठ फुटलेले, चेहरा राखेसारखा. तो गुडघ्यांवर बसून तुम्हाला थेंब थेंब पाणी पाजत होता. तुम्ही डोळे उघडलेत, त्याच्या पायांकडे बघितलंत आणि मला म्हणालात, "सूनबाई, पाहुण्याला सांगितलं नाहीत?" शहात्तराव्या वर्षीही मी सूनबाईच!

हॉस्पिटलात दहाव्या दिवशी तुम्हाला ताप होता, तरी घोर वेगळाच. "ॲम्ब्युलन्सचा केवढा आवाज झाला. सगळ्या गल्लीला त्रास. अकरा घरं आहेत. अकरा डबे मिठाई सांगून ठेवा. मी उठले की दोघी जाऊन माफी मागू. बोलेन मी, तुम्ही तोंड उघडू नका."

मी म्हणाले, "माफी? आमची? तीन दिवस पानं मोजत बसलेल्यांची?"

"चेस्टनटची सांगा," डोळे मिटून तुम्ही म्हणालात. "निशिओबाईंना तीच आवडते."

दुसऱ्या दिवशी मी मिठाईच्या दुकानावरून गेले. संतापले होते, आत शिरलेच नाही. रविवारी दुपारी तुम्ही गेलात. डबे सांगायचे राहिलेच.