पाणी बघून सुटायची आमची लाँच

लाँचवर किस्से गाळासारखे साठायचे. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही, तरी वर्षभरात गुडघाभर होतात. मी महाडच्या धक्क्यावर खलाशी होतो. चौथीत शाळेनं माझा नाद सोडला, तेव्हा शुद्धलेखन तुम्ही सांभाळा. किस्से मी सांभाळतो.

आमची लाँच सावित्रीतून बाणकोटला जायची. तिथं मुंबईची मोठी बोट मिळायची. लाँच चालवणारे सारंग म्हणजे पांडूनाना. मोजकंच बोलायचे, तेही बहुतेक इंजिनाशी.

*

लाँच भरतीला सुटायची, म्हणजे रोज वेगळ्या वेळी. नव्यानं बदलून आलेले एक मास्तर मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून मला टाईम विचारू लागले. मी म्हटलं, "मास्तर, घड्याळ मला नको, नदीला दाखवा."

बिचारे खरंच काठापर्यंत गेले! नानांनी त्यांना हाताला धरून फळीवरून आत घेतलं आणि मला दिवसभर तळातलं पाणी उपसायला बसवलं.

*

एकदा दासगावच्या पुढे गाळात रुतलो. ओहोटी लागलेली, म्हणजे पुढच्या भरतीपर्यंत मुक्काम. पोलादपूरकडचा एक गिरणीवाला, काळा चष्मा लावून मुंबईला परत निघालेला, सारखा "क्या लफडा है" करत होता. मी त्याला सांगितलं, सगळ्या बाप्यांनी एकदम उड्या मारल्या की लाँच सुटते.

त्यानं स्वतः वन टू थ्री म्हटलं. बाप्ये उड्या मारून दमले, लाँच आणखी खाली बसली. हसलो सगळेच. पण बोट चुकली आणि गिरणीत त्याचा खाडा पडला. पुढच्या खेपेला तो एसटीनं गेला.

*

मग हळूहळू सगळेच गेले. नाते गावचे गेले, सव गावचे गेले. लाँचमध्ये माणसांपेक्षा कोंबड्या जास्त दिसायला लागल्या. मी पोलादपूरच्या बाजारात उभा राहून बोंब ठोकली की एसटीत आतडी घशात येतात.

लोकांनी माना डोलावल्या, एकेक लिंबू विकत घेतलं आणि एसटीत जाऊन बसले. लिंबंवाली त्यानंतर मला कधी रिकाम्या हातानं जाऊ देत नसे.

नाना म्हणाले, "गणू, तू तोंड मिटून ऱ्हा. नायतर लाँचवर मी एकटाच उरेन."

*

शिमग्यानंतर मालकाचा मुंबईहून निरोप आला. लाँचला गिऱ्हाईक मिळालंय, अमावास्येला सौदा. नाना म्हणाले, त्याआधी समोर बसून सांगतो, अजून एक हंगाम बघा. लाँच गेली की आम्ही सगळे काठावर. नानांना तर जमिनीवरचं एक काम येत नव्हतं. नांगर ही त्यांच्या लेखी पाण्यात टाकायची वस्तू.

वेळेत पोचायचं म्हणून नाना जन्मात पहिल्यांदा एसटीनं निघाले. सकाळी धक्क्यावर येऊन पाणी बघितलं. अजून चढायचं होतं. निवांत चहा घेतला, दोऱ्या तपासल्या, आणि भरती आली तसे उठून स्टँडवर गेले. गाडी केव्हाच गेलेली.

परत आले आणि मला विचारलं, "कोणी येतंय का, हे एसटीवाले मागं वळून बघत नाय काय रे?"

मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. अमावास्येआधी पोचायला आता हातात उद्याची एकच गाडी होती.

*

दुसऱ्या दिवसाचं मला त्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं.

नाना सगळ्यांच्या आधी स्टँडवर हजर. जागा मिळाली. गाडी गच्च भरलेली. दासगाव सुटलं आणि मागून एक बाई पळत येताना दिसली, कडेवर पोर, डोक्यावर बोचकं. ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं. नानांनी उठून घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली.

"आजोबा, इथं उतरायचंय?"

"मला नाय. ती येते हाय."

कंडक्टरनं सांगितलं, गाडी फुल आहे, आता एकही माणूस घेता येणार नाही. नानांनी सगळ्या गाडीवरून नजर फिरवली. कोणी खिडकीबाहेर बघत होतं, कोणाला एकाएकी झोप लागली होती. तोवर बाई धापा टाकत दारात आली. नाना पिशवी घेऊन खाली उतरले, पोर हातात धरलं आणि तिला वर चढवलं.

"आजोबा, आता गाडी उद्याच," कंडक्टर म्हणाला. "तुमचं मुंबईचं काम?"

नाना रस्त्याच्या कडेला सरकले आणि हात वर केला.

"सोड आता. उशीर होतोय."