उज्जैनचा श्रावण आणि हिरवी करी

उज्जैनला मी देवदर्शनासाठी निघाले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. सोसायटीतल्या बायकांनी महाकालासाठी नारळ दिले, एकीने बेलाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून दिली, आणि मी ते सगळं पिशवीत भरून घेतलं. पण माझं काम वेगळंच होतं. नाशिकला माझ्या शेजारचा फ्लॅट रिकामा होत होता आणि तिथे माझी धाकटी बहीण शैला कायमची राहायला यावी, हे मला पक्कं करायचं होतं. शैलाचे यजमान बँकेच्या बदलीवर उज्जैनला गेले आणि तिथलेच झाले. ते वारल्यापासून शैला खालच्या मजल्यावर एकटी आणि वरच्या मजल्यावर तिचे धाकटे दीर नि जाऊ. फोनवर मी नाशिकचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तू म्हणशील तसं, ताई." म्हणजे काम झाल्यातच जमा होतं. एकच आडकाठी होती, ती म्हणजे वंदना.

वंदना ही ती जाऊ. शैलाच्या प्रत्येक फोनमध्ये ती असायचीच. वंदनाने हे आणलं, वंदना ते म्हणाली, आणि दर शनिवारी वंदनाबरोबर बाहेर जेवायला. तेही कुठे, तर थाई नाहीतर बर्मी. आता बँकॉक मी पाहिलेलं आहे. निवृत्त शिक्षकांच्या सहलीबरोबर गेले होते, आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात थाई जेवणावर बोलायचा हक्क माझा आहे. तिथल्या ताटांचे फोटो शैलाला मीच पाठवले होते. ते जेवण ती आता दर आठवड्याला जेवते, दुसरीच्या स्कूटरवर मागे बसून. सरळच सांगते, माझ्या पोटात दुखायचं.

धुळं, सेंधवा, इंदूर करत बस सकाळी नानाखेड्याच्या स्टँडवर लागली. दोघी घ्यायला आल्या होत्या. शैलाने केस कापले होते आणि ते तिला शोभत होते. "चांगलं दिसतं न वहिनींना? मीच पाठी लागली होती," असं म्हणत वंदनाने माझी बॅग उचलली. मी चांगलं दिसतं म्हणाले. नाही म्हणून सांगणार कुणाला?

त्याच संध्याकाळी आम्ही टॉवर चौकात गेलो. तो फ्रीगंजमधला गजबजलेला चौक. कपड्यांची दुकानं, चाटच्या गाड्या, आणि एका साडीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ते थाई हॉटेल. लाकडी जिना, सहा-सात टेबलं, भिंतीवर महाकालाचा फोटो आणि त्याच्या शेजारी कागदी छत्र्या. मालक इथलाच, माळव्यातला. कित्येक वर्षं बँकॉकच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता म्हणे. शैलाला पाहताच त्याने खिडकीजवळचं टेबल पुसायला लावलं. वंदनाने मेन्यूकार्ड न उघडताच सगळं सांगून टाकलं, शैलासाठीही.

हे मला फार लागलं. आमच्या माहेरी पद्धत अशी की हॉटेलात मोठ्याने मागवायचं आणि धाकट्याने खायचं. शैला फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून तिचा डोसा मी मागवत आले आहे. तेव्हा आपलंही काही चालतं हे दाखवायला मी मालकाला बोलावलं आणि बजावलं, की थाई जेवणात माशाचं पाणी घालतात हे मला ठाऊक आहे, आम्हाला ते अजिबात चालणार नाही.

मालक हात जोडून हसला. "माताजी, यहाँ तो हम प्याज-लहसुन भी पूछ के डालते हैं."

पलीकडच्या टेबलावरचं कुटुंबही हसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यात जेवण उत्तम निघालं. गवती चहाचा सुगंध सुटलेली हिरवी करी, वांग्याच्या कोवळ्या फोडी, वर तुळशीची पानं. वाईट निघालं असतं तर मी निदान काही बोलू तरी शकले असते. शैला गुपचूप जेवत होती आणि मधूनच वंदनाच्या ताटातली मिरची न विचारता उचलत होती.

रविवारी सकाळी नारळ आणि बेल देवाला पोचते केले आणि रामघाटावर जाऊन बसलो. सिंहस्थ आमच्याकडेही भरतो आणि इथेही, त्यामुळे शिप्रेकडे मी जरा सावत्र नजरेनेच पाहत होते. गोदावरी मोठी, पण घाट इथला मोकळा आहे, हे कबूल करावं लागलं. पायऱ्यांवर बसल्या बसल्या मी शैलाला फ्लॅटबद्दल सांगितलं. सकाळचं ऊन येतं, खाली भाजीवाली बसते, माझी बेल वाजवली की झालं. शैला पाण्याकडे बघत "हो" म्हणत होती. कधी यायचं विचारलं, तर म्हणाली, "तू म्हणशील तेव्हा." मी मनातल्या मनात सामान हलवायलाही लागले. वंदना पलीकडे फुलांचा द्रोण सोडत होती. तिने ऐकलं असावं.

दुपारी नानाखेड्याच्या एका कॉलनीत बर्मी खाओ स्वे खायला गेलो. बंगल्याच्या गॅरेजात मांडलेली चार टेबलं. मालकीणबाईंचे आजोबा रंगूनहून परत आलेले. नारळाच्या दुधाच्या रश्शात शेवया, आणि भोवती छोट्या वाट्या: तळलेला कांदा, शेंगदाण्याचा कूट, लिंबू, कोथिंबीर. आणि एक भली मोठी वाटी लवंगी शेवेची, कारण माळव्यात शेवेवाचून कुठलंही जेवण पुरं होत नाही, मग ते कुठल्याही देशाचं असो. मी नाक मुरडणार होते, पण खाऊन पाहिल्यावर दुसऱ्यांदा घेतली.

वंदनाने मूठभर शेव शैलाच्या वाडग्यात टाकली, आणि शैलाने वाडगा चक्क बाजूला सरकवला.

"नको म्हटलं न तुला. दर वेळी काय हे?"

"अहो वहिनी, थोडीशी तर आहे. तुम्ही पण न, जिद्दी आहात."

"आहे मी जिद्दी. खा तूच."

आणि दोघी शेवेवरून चांगली पाच मिनिटं भांडल्या. मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, दिसतं तेवढं गोड नाही तर. थोड्या वेळाने त्यांनी वाडगे बदलून घेतले आणि दुसऱ्याच विषयावर हसू लागल्या. हे मात्र मला नीट कळलं नाही.

सोमवारी मी जाहीर केलं की आजचं दुपारचं जेवण माझ्याकडून, टॉवर चौकातच. वंदना म्हणाली, "चालेल न ताई, सोमवारी पण तिथे सगळं मिळून जातं." सकाळी माझ्यापुढे पोहे आले, वर शेव आणि बाजूला जलेबी. त्या दोघींनी नुसता चहा घेतला. बाहेर जेवायचं म्हणून पोट रिकामं ठेवत असतील, असं मला वाटलं.

संध्याकाळी महाकालाची सवारी (पालखीतून निघणारी मिरवणूक) होती, म्हणून रस्त्यांवर आतापासूनच अडथळे लागत होते. रिक्षा मला दारात सोडून गेली. स्कूटरवरून मागे येणाऱ्या त्या दोघींना गाडी लांब लावावी लागणार होती. मला हवी तशी संधी मिळाली. मी वर जाऊन खिडकीजवळचं टेबल धरलं आणि त्या यायच्या आत मागवूनही टाकलं. हिरवी करी, भात, आणि शैलासाठी कांद्याची भजी घातलेलं सॅलड. वेटर म्हणाला, "आज फरियाली (उपासाचं) भी है, माताजी." मी म्हणाले, हमारा उपवास नहीं है. आणि ते खरंच होतं. माझ्या नाशिकच्या कॅलेंडरवर आषाढ चालू होता.

दोघी घामाघूम होऊन वर आल्या तेव्हा ताटं मांडलेली होती. शैलाने भाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, "बस, तुझ्या आवडीचं मागवलंय." ती बसली. पदराने कपाळ पुसलं, चमचा भातात घातला आणि उचलला.

वंदनाने तिचं मनगट धरलं.

"वहिनी, सोमवार आहे आज."

"असू दे गं. ताईने मागवलंय."

मला काहीच उमगेना. मग वंदनाने सांगितलं. आपल्याकडे श्रावण अमावास्येनंतर लागतो, इथे पौर्णिमा झाली की लगेच. इथली मराठी माणसं इथला सावन लागला की सोमवार धरतात आणि आपला श्रावण संपला की सोडतात. सवारीसुद्धा तशीच तोवर चालू राहते. संध्याकाळी पालखीचं दर्शन झाल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, फराळ तेवढा चालतो. शैलाने उज्जैनला आल्यापासून एकही सोमवार मोडलेला नाही, यजमान दवाखान्यात होते तेव्हासुद्धा नाही.

"मग तू हा घास खाणार होतीस?" मी शैलाला विचारलं.

"तू मागवला होतास न," ती म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रामघाटावर "हो" म्हणताना जसा आवाज होता, अगदी तसाच तो होता. मला शेवेचं भांडण आठवलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. वंदनाला ती नको म्हणत होती, वाडगा सरकवत होती, जिद्दी होत होती. मला एवढ्या वर्षांत एकदाही नाही. मी सगळ्या गोष्टींवर जळत होते, स्कूटरवर, कापलेल्या केसांवर, खिडकीजवळच्या टेबलावर. खरी जळण्यासारखी गोष्ट ती होती. मला तो नकार हवा होता.

वंदनाने फरियाली मागवलं. साबुदाण्याच्या पारदर्शक पापडीत काकडी, बटाटा आणि शेंगदाण्याची चटणी गुंडाळलेले रोल आले. दोघींनी एका ताटात खाल्ले. तिघींची करी आणि भात माझ्या एकटीच्या वाट्याला आला, आणि मी मुकाट्याने जेवढा जाईल तेवढा खाल्ला.

संध्याकाळी गर्दीत उभं राहून सवारी पाहिली. डमरू, झांजा, फुलं, आणि माणसांच्या डोक्यांवरून हलत जाणारी पालखी. शैलाने हात जोडले तेव्हा तिच्या ओठांची हालचाल दिसत होती. काय मागत होती ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला आवडेल असंच काहीतरी तिने सांगितलं असतं.

मंगळवारी दोघी मला बसवर पोचवायला आल्या. वंदना पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा मी शैलाला शेवटचं विचारलं, खरं सांग, नाशिकला यायचंय का. तिने माझ्या बॅगेची चेन उघडली, परत लावली.

"तू म्हणशील तसं, ताई."

"मग मी म्हणते, इथेच राहा."

"बरं," ती म्हणाली. हेही तिने ऐकलंच. पण तिचे खांदे एकदम सैल झालेले मी पाहिले आणि मला इतकं वाईट वाटलं की वंदनाने आणलेली बाटली मी आभार न मानता घेतली. बस सुटल्यावर खिडकीतून दिसलं, दोघी कशावरून तरी वाद घालत स्कूटरकडे चालल्या होत्या.

प्रवासातून माणूस शहाणा होऊन येतो म्हणतात. मी जेवढी जळत गेले होते तेवढीच जळत परत आले. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक नवरा-बायको राहायला आले. भली माणसं आहेत, तरी माझं त्यांच्याशी अजून जमलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी मी घड्याळाकडे बघते आणि त्या दोघी आता जिना चढत असतील असा हिशोब करते.

परवाच्या शनिवारी राहवेना, म्हणून तेव्हाच फोन केला. मागे भांड्यांचा आवाज होता, वंदना मालकाशी काहीतरी बोलत होती. मी सवयीने म्हणाले, "शैला, हिरवी करी मागव हं. पावसाळ्यात ती बरी."

"नाही," शैला म्हणाली. "मला आज ती नको."

मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवला आणि स्वतःसाठी वरणभात वाढून घेतला. कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.