व्हय महाराजा

ज्या देवाला तुम्ही बुडताना वाचवलंत, तोच देव तुमचा हात लागला म्हणून कुणी धुऊन काढला, तर तुम्ही काय कराल?

माझ्या बाबांनी हात जोडले.

मी तेव्हा नववीत होते. गोव्यात डिचोलीतलं नदीकाठचं आमचं गाव. देवळापुढे मूर्तीची शुद्धी चालली होती. बाबा काठीवर भार देऊन पायरीच्या खाली उभे. मी नारळ धरून बाजूला. देवळाचे मानकरी, थोरले गावकार, वरून म्हणाले, "चिखल धुवन काडूं रे. पूण तुजे हात लागले, ताचें कितें?"

कुणीतरी हसलं. बाबांनी काठीसकट हात जोडले.

त्याआधी पूर आला होता. मानकरी आपापल्या माडीवर चढले, देव खाली राहिला. बाबा मूळचे सावंतवाडीकडचे. खाणीवर ट्रक चालवायचे, खाण बंद पडली तशी गावकारांच्या कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत राबायचे. ते गळाभर पाण्यातून आत गेले आणि उत्सवमूर्ती खांद्यावर घेऊन बाहेर आले. चिऱ्याच्या पायऱ्यांवर पाय सरकला. कमरेचं हाड मोडलं. मूर्ती सोडली नाही. लोक येईपर्यंत तिला पोटाशी धरून पडून होते.

ते हाड नीट जुळलं नाही. आई समुद्रकाठी मांद्र्याला गेस्टहाऊसात खोल्या झाडायला जाऊ लागली. आठवड्यातून एकदा घरी यायची, आली की झोपायची.

बाबांची मात्र तक्रार नव्हती. "पाणी गळ्याक लागला तेव्हा त्यानच माका धरल्यान," म्हणायचे. "ता इसारलंय तर मी माणूस कसलो?" रोज संध्याकाळी देवळाच्या दिशेनं दिवा ठेवायचे. मी तो दिवा कधी विझवला नाही. देवाशी माझं भांडण नाही.

भांडण गाऱ्हाण्याशी आहे. आमच्याकडे जत्रेत देवापुढे एकजण मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो आणि सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणतो. गावानं व्हय म्हटलं की ते खरं ठरतं. मग पुढच्या पिढ्या तेच सांगतात.

यंदाच्या जत्रेत थोरल्या गावकारांनी गाऱ्हाणं घातलं: "पुरांत ज्या गावकारांनी तुका खांद्यार घेवन राखलो, तांच्या वंशाक राख महाराजा."

"व्हय महाराजा," गाव म्हणाला.

मी बाबांकडे बघितलं. त्यांचेही ओठ हलले होते. स्वतःचं नाव पुसणाऱ्या वाक्याला ते व्हय म्हणाले होते. देवापुढे नाही कसं म्हणायचं, ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"न्हय महाराजा," मी म्हटलं.

ढोल थांबला. थोरले गावकार वळले. "कोणाचें गो तूं?"

"जाच्या हातांनी तुमचो देव बुडूंक दिलो ना, ताचें."

मागून एक बाई पुटपुटली, "कॉलेजांत धाडलें, जीब फुटली."

गावकारांनी माझ्याकडे पाठ केली आणि तेच गाऱ्हाणं पुन्हा घातलं, शब्दही न बदलता. गाव पुन्हा व्हय म्हणाला. आवाज जरा कमी होता, एवढंच.

घरी येताना बाबा दमले होते. वाटेत एका दगडी गडग्यावर बसले. "देवाक नाय म्हटलंस?" त्यांनी विचारलं.

"देवाला नाही, बाबा. देवाला ठाऊक आहे कोणी उचललं ते."

त्यांनी काठी जमिनीत रोवली. मग म्हणाले, "माका उठव." मी उठवलं. त्या रात्रीही त्यांनी देवळाच्या दिशेनं दिवा लावला.

मीही दमले आहे. तरी पुढच्या जत्रेला जाणार. तेच गाऱ्हाणं आलं तर तेच उत्तर देणार. बाबांचं नाव त्या देवळात मोठ्यानं घेतलं जाईपर्यंत आमच्या घरातून व्हय जाणार नाही.

तुमच्याही गावात गाऱ्हाणं होत असेल. पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी नीट ऐका. देवाला खांद्यावर घेणारं माणूस त्यात नसेल, तर व्हय म्हणू नका. त्याचं नाव तुम्ही घ्या. मोठ्यानं, देवाला ऐकू जाईल असं.