कोंबड्या आहेत तोवर

चावीकाकांना कोल्ह्याचा राग आला तो कोंबडी नेली म्हणून नव्हे, तर भरदिवसा नेली म्हणून. चोराने निदान अंधाराची तरी वाट बघावी, एवढी रीत त्यांना अपेक्षित होती. आयुष्यभर त्यांनी कुलपं दुरुस्त केली, किल्ल्या घासल्या, किल्ली हरवलेल्या लोकांची दारं उघडून दिली. चोरांबद्दल त्यांच्या मनात एक प्रकारचा धंद्यातला आदर होता. पण हा कोल्हा जेवणाच्या वेळेला मागच्या भिंतीवर येऊन बसला, घर बघायला आलेल्या पाहुण्यासारखी चहूकडे नजर फिरवली, खाली उडी मारली आणि त्यांच्या नाकावर टिच्चून सर्वांत जाडी कोंबडी घेऊन गेला. काका हातात घास धरून खिडकीशी उभे होते. कोल्ह्याने जाताना एकदा वळून त्यांच्याकडे बघितलंसुद्धा.

कोंबड्या खरं तर त्यांच्या नव्हेतच, बायकोच्या. ती असताना काकांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. सकाळी दुकान उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं आणि ताटातलं अंडं खायचं, एवढाच त्यांचा कोंबड्यांशी संबंध. मग लोक आकडे दाबून उघडणारी कुलपं वापरायला लागले, दुकान बसलं, आणि त्यानंतर काही महिन्यांतच बायको गेली. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. तो आला, आईचं सगळं नीट केलं आणि निघताना दारात उभा राहून म्हणाला, “बाबा, आता इथे एकटे काय करणार? आमच्याकडेच चला.”

काकांना तेव्हा कुठेच जायचं नव्हतं. घरात अजून बायकोच्या केसांच्या तेलाचा वास होता. ते म्हणाले, “आणि या कोंबड्यांचं काय? त्या आहेत तोवर मी इथे. त्या संपल्या की येतो.”

बोलण्याच्या ओघात गेलेला शब्द. दुसऱ्या कुणी तो चार दिवसांत विसरला असता, पण काकांचं तसं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात ते रागाने बायकोला म्हणाले होते, “नको तुझा गोड चहा!” आणि पुढे जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायले. तिने हजारदा समजावलं, शेवटी हात टेकले. तोंडातून एकदा गेलं की गेलं. या स्वभावाला गावात काही लोक सचोटी म्हणत, बायको आडमुठेपणा म्हणायची. माझं मत विचाराल तर बायकोचं बरोबर होतं.

मुलगा दर रविवारी फोन करायचा. तब्येत, औषधं, पाऊसपाणी झालं की शेवटी हमखास विचारायचा, “कोंबड्या कशा आहेत?” काका म्हणायचे, “आहेत, मजेत आहेत.” मुलगा आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारत होता की खरोखर, देव जाणे. काकांना मात्र त्यात एकच प्रश्न ऐकू यायचा: बाबा, कधी येताय? आपण गेलो नाही म्हणून तिकडे एक खोली रिकामी पडली आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती.

म्हणून कोल्हा कोंबडी घेऊन गेला तेव्हा काकांनी आधी उरलेल्या मोजल्या. कोंबड्या संपल्या तर घर सोडावं लागणार. त्यांनी अडगळीतून हत्यारांची पेटी काढली आणि कोल्ह्याशी लढाई मांडली.

कोल्हा काही जंगलातून आलेला नव्हता. गल्लीच्या टोकाला एक बंद पडलेलं गोदाम होतं, तिथे त्याचा संसार. येणारेजाणारे गाडीच्या खिडकीतून त्याला पाव टाकायचे, फोटो काढायचे. असं लाडावलेलं जनावर माणसाला भिणार कशाला? काकांनी डबे वाजवले, दगड मारले, बायकोची जुनी ओढणी काठीला बांधून बुजगावणं केलं. कोल्हा बुजगावण्याच्या सावलीत झोपला.

शेजारी एक शिवणवाल्या बाई होत्या, दिवसभर मशीनवर बसणाऱ्या आणि भिंतीपलीकडून सल्ले देणाऱ्या. वयाने काकांहून चांगल्या दोन वर्षांनी मोठ्या, पण सगळी गल्ली म्हणते म्हणून त्याही त्यांना काकाच म्हणत. त्या म्हणाल्या, “काका, कोल्हा काकडीला राजी असतो म्हणतात. एक काकडी ठेवून बघा की.”

त्या हसत होत्या, पण काकांनी खरंच काकडी ठेवली. कोल्ह्याने ती हुंगली, तिच्यावर तंगडी वर केली आणि निघून गेला. म्हणी करणाऱ्यांनी कोल्हा जवळून पाहिलेला नसावा.

मग मात्र काकांनी आपल्या धंद्याची अक्कल वापरली. कोल्हा खुराड्याच्या बुडाशी उकरत होता. काकांनी बाहेरच्या बाजूने जमिनीवर जाळी आडवी अंथरली आणि वर माती लोटली. कोल्हा भिंतीला नाक लावूनच उकरतो, चार पावलं मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही, हे त्यांनी खिडकीत बसून बसून हेरलं होतं. पातळ जाळी त्याने दातांनी फाडली, तेव्हा जाड सळईची जाळी आली. खुराड्याच्या दाराची साधी कडी तो नाकाने उचलायला शिकला, तेव्हा काकांनी घरीच कानस घेऊन एक नवी कडी घडवली. आधी दाबायची, मग फिरवायची, मग ओढायची. बोटं असल्याशिवाय ती उघडणं शक्य नव्हतं. कोल्ह्याने तिच्याशी एक अख्खी दुपार झटापट केली आणि हात हलवत परत गेला. काका इतके खूश झाले की त्यांनी मोठ्याने हाक मारली, “अगं, बघितलंस का?” मागे वळले तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती.

ते दिवस तरी बरे होते, असं त्यांना पुढे वाटायचं. निदान दुपारी कुणीतरी येत होतं.

पण कोंबडी काही दिवसरात्र कोंडून ठेवायची वस्तू नव्हे. तिला तासभर तरी मोकळं उकरायला लागतं. काका काठी घेऊन स्टुलावर राखण करत बसायचे, डोळ्यांत तेल घालून. पण माणूस आहे, कधी चहाचं आधण बघायला आत जाणार, कधी डुलकी लागणार. तेवढ्यात एक जायची. दोघी म्हातारपणाने गेल्या. होता होता दोनच उरल्या, एक तांबडी आणि एक लंगडी.

त्या हिवाळ्यात काकांना ताप आला. साधाच होता, पण आठवडाभर उतरला नाही. उठून पाणी घ्यायचं तरी भिंत धरून जावं लागे. शिवणवाल्या बाई त्याच आठवड्यात बहिणीकडे गेल्या होत्या. काका दिवसातून दोनदा कसेबसे मागे जायचे, कोंबड्यांना दाणे टाकायचे, परत येऊन पडायचे. रविवारी मुलाचा फोन आला. “बरा आहे,” काका म्हणाले. “आवाज बसलाय तुमचा.” “जरा सर्दी.” “आणि कोंबड्या?” “आहेत दोघी.” फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आठवडाभरात माणसाशी बोललेले शब्द ते एवढेच. त्यांना रडू आलं. ताप होता म्हणून आलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

ताप उतरला, पण ते रडू आतच कुठेतरी राहिलं. आता त्यांना जायचं होतं. सकाळी कुणीतरी कप आपटलेला ऐकू यावा, कुणीतरी दिवा बंद करायला विसरावं आणि आपण ओरडावं, एवढंच हवं होतं. पण मुलाला “ने मला” म्हणायला जीभ रेटेना. शब्द दिला होता, कोंबड्या संपल्या की येतो. आणि त्या तर होत्या.

बाई परत आल्या, त्यांनी काकांचा उतरलेला चेहरा बघितला. “द्या त्या दोघी माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “आणि जा लेकाकडे. उगाच जिवाला त्रास.”

“दिल्या म्हणजे संपल्या नव्हेत,” काका म्हणाले.

“काय हो तुमचं! कोर्टात उभे आहात का?”

त्या दिवशी संध्याकाळी कोंबड्या आपापल्या आत गेल्या. काकांनी दार लोटलं, कडीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. लंगडी आतून कुरकुरली. तिला बायकोने पिलू असताना छातीशी धरून, चमच्याने पाणी पाजून जगवलं होतं. काकांनी हात काढून घेतला. कडी न लावता ते घरात आले आणि रेडिओ मोठा करून बसले.

सकाळी मागे पिसांशिवाय काही नव्हतं. काकांनी ती एकेक वेचली. आपण काय केलं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि बायको असती तर तिने आयुष्यात परत तोंड बघितलं नसतं, हेही. तरी रविवारची वाट न बघता त्यांनी स्वतः फोन लावला.

“कोंबड्या संपल्या रे.”

मुलगा म्हणाला, “अरेरे. सगळ्या?”

“सगळ्या.”

“बरं. बाबा, तुम्ही काही काळजी करू नका. मी रविवारी येतो. बघतो मी सगळं.”

बघतो मी सगळं! काकांनी त्याच दिवशी बॅग काढली. चांगले सदरे, दोन पँटी, लोकरीचा स्वेटर, बायकोचा फोटो तेवढा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत वेगळा. रविवारपर्यंत ते बाईंना हेच सांगत होते की तिकडे नळाला चोवीस तास पाणी असतं. बाई म्हणाल्या, “जा बाबा, सुटलात.” आणि मशीन उगाचच जोरात चालवलं.

रविवारी मुलगा आला तो घामाघूम. गाडीच्या मागच्या भागातून त्याने आधी एक जड खोकं काढलं. मग भोकं पाडलेलं दुसरं. त्याच्यात काहीतरी चिवचिवत होतं.

“तलंगा आहेत,” तो म्हणाला. “महिन्याभरात अंड्यावर येतील. आणि हे बघा, आपोआप बंद होणारं दार. उजेड कमी झाला की खाली येतं, सकाळी उजाडलं की वर जातं. तुम्हाला लक्षात ठेवायला नको.”

काका त्या कोंबडीच्या पोरींकडे बघत राहिले.

मुलाने दुपारभर खपून दार बसवलं. जुनी कडी काढताना तो थांबला. त्याने ती दाबली, फिरवली, ओढली. ती जशीच्या तशी होती, कुठे वाकली नव्हती, ओरखडासुद्धा नव्हता. तो कुलूपवाल्याचा मुलगा होता. न मोडता उघडलेली कडी म्हणजे काय, हे त्याला शाळेत असल्यापासून कळत होतं. त्याने वडिलांकडे बघितलं, मग नजर चुकवून पाना उचलला.

“तिकडे जागा फार लहान पडते हो बाबा,” तो स्क्रू पिळत म्हणाला. “सासूबाई पण असतात आता.”

“हो ना,” काका म्हणाले. “मी कुठे काय म्हणतोय?”

निघताना त्याला बाहेरच्या खोलीत बॅग दिसली. “ही कसली?”

“जुने कपडे,” काका म्हणाले. “कुणाला तरी द्यायचेत.”

“मग मी टाकतो ना. आमच्या इथे घेतात.” आणि काही बोलायच्या आत त्याने बॅग उचलली. काका थांब म्हणू शकले असते. पण एकदा म्हणाले होते, द्यायचेत. त्यांनी गाडीचं मागचं दार स्वतः लावून दिलं.

गाडी वळणाआड गेली तसा गारठा वाढला. स्वेटर घालावा म्हणून काका कपाटापर्यंत गेले, रिकामे हँगर बघितले आणि तसेच पातळ सदऱ्यावर मागच्या अंगणात आले. कोंबड्यांना आत घ्यायची वेळ झाली होती. पण नव्या पोरी कधीच आत जाऊन कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. उजेड कमी झाला आणि दार घुर्र करत आपलं आपण खाली आलं, चौकटीत घट्ट बसलं. काकांनी ते हाताने दाबून बघितलं. चांगलं काम केलं होतं पोराने, कुठे फट नव्हती. आता या कोंबड्या काकांना मरेपर्यंत पुरणार होत्या.