नाखवा बाईंनी दिलेला तिसरा नंबर

“पदराची पिन कुठाय? ए लाल साडी, तुलाच विचारते. मागं काय बघतेस, मागं गेट हाय.”

माझा एक पाय शाळेच्या फाटकाच्या आत होता आणि दुसरा अजून रिक्षातच होता. तेवढ्यात हा आवाज येऊन माझ्यावर आदळला. रिक्षावाल्याने सुट्टे न मागताच गाडी वळवली, यावरून आवाजाची कल्पना यावी. आवाजाची मालकीण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कमरेवर हात ठेवून उभी होती. तिथून तिला माझ्या खांद्यावर पिन नाही हे कसं दिसलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

या आमच्या नाखवा बाई, पनवेलच्या त्या शाळेच्या पर्यवेक्षिका. मूळच्या उरणजवळच्या मोऱ्याच्या, कोळ्यांच्या घरातल्या. वडिलांची मच्छीमारी होडी. लहानपणी या मोऱ्याच्या धक्क्यावर उभ्या राहून वडिलांना जेवायला हाक मारायच्या, तेव्हा खाडीपलीकडे मुंबईच्या धक्क्यावरचे हमालसुद्धा हातातलं काम टाकून डबे उघडायला बसायचे. हे मला त्यांच्याच भावाने सांगितलंय, आणि तो माणूस माझ्याइतकंच खरं बोलतो. बाई शाळेत रुजू झाल्यापासून प्रार्थनेचा माइक बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीचा विषय कुणी काढला नाही. कर्नाळ्याचे पक्षी त्याच सुमाराला जंगलात आणखी आत सरकले असंही म्हणतात, पण त्याला पुरावा नाही, म्हणून मी ते इथे लिहीत नाही.

बाई पालकांशी छापील मराठी बोलायच्या. राग आला किंवा माया दाटून आली की मात्र मोऱ्याची भाषा बाहेर यायची. दोन्ही वेळेला आवाज तोच असल्यामुळे समोरच्याला फरक कळायचा नाही. नवीन शिक्षिकेला त्यांचा पहिला उपदेश ठरलेला: “आवाज पोटातून काढ. वापर की सगला, गला काय भाड्यानं आणलाय?” आणि स्वतःबद्दल एकच तत्त्व: “मी चुकत नाय गो. माजं उशिरा बरोबर येतं.”

त्या दिवशी त्यांचं किती उशिरा बरोबर आलं, त्याची ही गोष्ट.

शाळेतल्या पवार बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी बदली शिक्षिका हवी होती. मी नुकतीच बी.एड. होऊन घरी बसले होते. मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलं, “उद्या या. एक दिवस नाखवा बाई तुमचं काम बघतील. त्या हो म्हणाल्या तर मे महिन्यापर्यंत जागा तुमची.” आणि नाही म्हणाल्या तर काय, हे आमच्या मामाने आधीच ठरवून ठेवलं होतं. द्रोणागिरीच्या एका गोदामात, सोमवारपासून, कॉम्प्युटरसमोर. मामा म्हणाला होता, एसी आहे. मला एसी नको होता. मला फळा हवा होता.

इथवर सगळं ठीक होतं. पण मुख्याध्यापक हे नाखवा बाईंना सांगायचं विसरले आणि सकाळी उठून स्वतःचा सत्कार घ्यायला अलिबागला गेले. दुसरं म्हणजे, त्यांचा तो ‘उद्या’ नेमका शिक्षक दिन निघाला.

आमच्याकडच्या शाळांत शिक्षक दिनाला काय होतं ते ठाऊक आहेच. दहावीच्या मुली आईची साडी नेसून बाई होतात, मुलगे बापाचा शर्ट खोचून सर होतात आणि खरे शिक्षक हॉलमध्ये बसून वडे खातात. या शाळेत त्यात स्पर्धाही होती. उत्तम शिकवणाऱ्या तिघांना बक्षीस, आणि नंबर नाखवा बाई काढायच्या. एक नियम कडक होता: दिवसभर आपण शिक्षकच आहोत असं वागायचं. जो मध्येच ‘मी दहावीतली’ म्हणेल त्याचे गुण कापले जायचे.

आता माझ्याकडे बघा. उंची अशी की बसमध्ये कंडक्टर अजून अर्धं तिकीट फाडायला जायचा. साडी आईची, लाल. ब्लाउज आईचा, दोन्ही बाजूंनी आत घेतलेला. हातात आईची पर्स. अंबाडा असा की शिंक आली तर सुटेल.

“मॅडम, मी बदली शिक्षिका आहे,” मी जिना चढून वर गेल्यावर सांगितलं.

“आज सगल्याच हायत,” बाई म्हणाल्या.

“नाही, मी पवार बाईंच्या जागेवर आलेय.”

“म्हंजे पवार बाई होणार होती त्या तन्वीच्या बदली. ताप आलाय तिला. बरं झालं तू आलीस. इतिहास येतो ना?”

“बी.ए. इतिहासातच केलंय मी.”

बाई पहिल्यांदा हसल्या. “छान. असंच बोलायचं दिवसभर.”

दहावीच्या इतक्या तुकड्या होत्या की बाई मुलींना चेहऱ्याने ओळखत नसत, वेण्यांनी ओळखत. त्या दिवशी सगळ्या वेण्यांचे अंबाडे झालेले. त्यांनी स्वतःच्या बांगडीला अडकवलेली पिन काढली, माझा पदर खांद्यावर असा ठोकला की पिन हाडात गेली असं वाटलं, आणि माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला. विद्यार्थ्यांना मोबाइल आणायला बंदी होती. जप्त केलेले मोबाइल त्या एका रिकाम्या डब्यात ठेवायच्या. डब्यात एकेकाळी सुकट होती. त्या दिवसानंतर वर्षभर मी फोन कानाला लावला की आमच्या सोसायटीतली मांजरं माझ्या मागे ओळीने चालायची.

मोबाइलबरोबर मुख्याध्यापकांचा नंबरही डब्यात गेला. ज्या बाईंनी मला शिक्षिका म्हणून पारखायचं, त्यांच्याच लेखी मी दहावीतली एक आगाऊ पोरगी होते. आणि जितकं खरं बोलावं तितकं त्यांना माझं नाटक आवडत होतं.

पहिला तास आठवी कचा. आठवी क हा वर्ग नव्हता, हवामान होतं. त्यांनी शिक्षक दिनाच्या बाईंसाठी टेबलाच्या खणात एक जिवंत चिंबोरी ठेवली होती. वीतभर रुंद, दोन्ही नांग्या उगारलेला खाडीतला खेकडा. मी खडूसाठी खण उघडला. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा मी टेबलावर उभी होते, चिंबोरी खाली फिरत होती आणि वर्ग बाकांवर चढून नाचत होता.

खाली उतरायची माझी हिंमत नव्हती. शिकवायचं होतं नागरिकशास्त्र, धडा संसदेचा. मग मी टेबलावरूनच पोटातून आवाज काढला आणि जाहीर केलं की ही लोकसभा आहे, खिडकीकडचे सत्ताधारी, भिंतीकडचे विरोधक, आणि सभागृहापुढे ठराव असा की या चिंबोरीला सदस्यत्व द्यावं की हाकलून द्यावं. एका मिनिटात वर्ग खाली बसला. भिंतीकडची एक मुलगी उठून म्हणाली की चिंबोरी स्थानिक आहे, खाडीतली आहे, तिचा हक्क बाहेरून आलेल्या सर्वांच्या आधी. खिडकीकडच्यांनी बाकं वाजवली की ती चावते. विरोधक म्हणाले, चावणारे आधीच आत आहेत. मी मध्यस्थी केली, मतदान घेतलं, राज्यसभेत विधेयक कसं जातं ते मागच्या फळ्यावर लिहून समजावलं. निकाल लागणार, एवढ्यात चिंबोरीने दाराकडे चालत जाऊन सभात्याग केला.

दारात नाखवा बाई उभ्या होत्या.

“कसला गोंधळ हाय?”

“संसद चालू आहे,” मी टेबलावरून म्हटलं.

बाई वाकल्या. चिंबोरीला मागून दोन बोटांत उचललं, तिला उलटी करून पोट बघितलं आणि “भरलेली हाय,” असं स्वतःशीच म्हणाल्या. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, चिंबोरी हातातच. “थांबलात का? विरोधी पक्ष, बोला.” तास संपेपर्यंत त्या आणि चिंबोरी दोघी गप्प बसून ऐकत होत्या. घंटा झाल्यावर मी खाली उतरले, फळा पुसून पुढच्यासाठी स्वच्छ केला, खडू जागेवर ठेवला. बाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि चिंबोरीसकट निघून गेल्या.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. बाकीच्या मुलींना दोन-दोन तास आणि मग वडे. मला मात्र बाईंचा निरोप येत राहिला. नववी ब मोकळी आहे, जा. सातवी अमध्ये मारामारी चाललीय, जा. सातवी अने मला कागदी विमानांनी झाकून टाकलं. नववी बने सामूहिक जांभई दिली, तिच्या वाऱ्याने नकाशा खाली पडला. प्रत्येक वर्गाच्या दारात केव्हातरी बाई दिसायच्या आणि नाहीशा व्हायच्या.

मधल्या सुट्टीत मला हॉलमध्ये शिक्षकांना चहा द्यायला लावलं. गणिताच्या सरांनी कप घेताना मला निरखून पाहिलं आणि म्हणाले, साडीबिडी ठीक आहे, पण तुझं बीजगणित फार कच्चं आहे. मी म्हटलं, सर, आपण आजच भेटतोय. ते म्हणाले, असं म्हणून बोर्डात मार्क पडत नाहीत, तुझा चाचणीचा पेपर मी विसरलेलो नाही. इतक्या खात्रीने म्हणाले की मलाही तो पेपर आठवायला लागला.

शेवटच्या तासाला बाईंनी मला पुन्हा आठवी कवर पाठवलं. तेव्हा मात्र मी जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले. घसा बसला होता, एक चप्पल तुटली होती, आणि ज्या नोकरीसाठी हे चाललं होतं ती मागायची सोय नव्हती. फाटक समोर दिसत होतं. तिथून बाहेर पडलं की द्रोणागिरी, एसी, मामा. डोळ्यांतून पाणी आलं.

“रडायचं असेल तर मधल्या सुट्टीत रडायचं. तासाला नाय.”

बाई पाठीमागेच होत्या. आवाज पहिल्यांदाच माणसाचा वाटला.

“बाई, मी खरंच शिक्षिका आहे,” मी म्हटलं. “शप्पथ.”

त्यांनी माझ्या खांद्यावरची पिन काढली, पदर सारखा केला, पिन परत लावली.

“मग तास घे,” म्हणाल्या.

मी गेले आणि घेतला. काय शिकवलं ते विचारू नका. आठवी क घंटा झाल्यावरही बसून राहिली, एवढं सांगते. तसं त्या शाळेत आधी एकदाच झालं होतं, तेव्हा दार अडकलं होतं.

संध्याकाळी हॉलमध्ये बक्षीस समारंभ झाला. पहिली आली ती चाळीसच्या चाळीस श्लोक पाठ म्हणून दाखवत संस्कृत शिकवणारी मुलगी. दुसरी, पोळीचे तुकडे करून पाचवीला अपूर्णांक शिकवणारी. आणि तिसरी, “पवार बाईंच्या जागेवरची, लाल साडी.” मी स्टेजवर जाऊन त्या दोघींच्या शेजारी उभी राहिले. हातात गुलाब आणि पेन. गणिताचे सर टाळ्या वाजवत ओरडले, आता बीजगणिताकडे बघ.

नेमके तेव्हाच मुख्याध्यापक आले. अलिबागची शाल अंगावर, नारळ हातात. ते स्टेजकडे बघत राहिले.

“अहो सबनीस मॅडम,” ते म्हणाले, “तुम्ही मुलींच्या रांगेत काय करताय? या आपल्या नवीन बदली शिक्षिका.”

हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की डब्यातल्या माझ्या फोनवर मामाचा फोन येत होता तो सगळ्यांना ऐकू आला. गणिताच्या सरांनी वडा तोंडाशी धरला तो तसाच. सगळ्या माना नाखवा बाईंकडे वळल्या. त्यांच्या आयुष्यात असा प्रसंग कुणी पाहिला नव्हता.

बाईंनी डब्यातून माझा मोबाइल काढला, पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला.

“उद्या शनिवार, सकालची शाला,” म्हणाल्या. “सातला ये. पिन घरून लावून.”

मे महिन्यापर्यंतची ती नोकरी पुढे लांबत लांबत माझीच झाली. बाईंच्या हाताखाली मी कितीतरी वर्षं काढली. बाईंनी निवृत्तीच्या समारंभात हार घालून घेतला, माइक बाजूला सारला आणि भाषण केलं. ते स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्यांनीही ऐकलं असं म्हणतात. भाषण इतकंच होतं: “चाललेय. वर्गाला पाठ दाखवू नका.”

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला मोऱ्याला गेले. धक्क्याजवळच्या घराच्या ओट्यावर बसून त्या लाँचमध्ये उशिरा चढणाऱ्यांना ओरडत होत्या. लाँच त्यांच्या परवानगीशिवाय सुटत नाही असं माझं मत झालं. त्यांनी मला चिंबोरीचं कालवण वाढलं. इतक्या वर्षांत मी तेही खायला शिकले होते. जेवताना मी धीर करून विचारलं की त्या दिवशी त्यांना खरोखर केव्हा कळलं.

“पहिल्याच तासाला,” बाई म्हणाल्या. “फला वरून खाली पुसलास, पट्ट्या पट्ट्यांनी. दहावीची पोरगी कधी असा फला पुसते? ते बी.एड.लाच शिकवतात.”

मी घास खाली ठेवला. म्हणजे सातवी अ, नववी ब, पाण्याची टाकी, सगळं माहीत असून?

“बघायचं होतं,” त्या म्हणाल्या. “सांगितलं असतं, तर तू मला दाखवायला शिकवलं असतंस.”

 मग जी गोष्ट मला खरी टोचत होती ती बाहेर आली. म्हटलं, बाई, कळलं होतं तर मग माझा तिसरा नंबर का? त्या दोघी दहावीतल्या पोरी होत्या. मी बी.एड. होते.

बाईंनी माझ्या ताटात अजून एक नांगी टाकली.

“त्या तुज्यापेक्षा बऱ्या शिकवत होत्या.”