गव्हाचा चीक

नेकनूरच्या बाजारात रेवणसिद्धचं किराणा दुकान होतं. मागच्या दोन खोल्यांत त्याची बायको शांतादेवी संसार करायची. त्यांची पहिली लेक शिवानी. अंगावर पीत होती तोवर पोर गुटगुटीत. वरचं खायला लागली तशी वाळत गेली. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं नगाऱ्यागत. सारखे जुलाब. बीडच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. शेजारणी म्हणाल्या, "ज्वारीनं काय अंगी लागतंय? गव्हाचं घाल."

घरात सगळ्यांना भाकरी, लेकीला तेवढी तुपातली पोळी, असं सुरू झालं. शांतादेवी गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढायची आणि गूळ घालून शिजवायची. पोर तोंड फिरवायची. मग मांडीवर आडवी घेऊन, नाक दाबून शांतादेवी वाटी रिकामी करायची.

सहाव्या वर्षी शिवानी गेली. रेवणसिद्धनं तिचा फोटो पेटीच्या तळाशी घातला. घरात तिचं नाव निघेना.

मागून सोमेश्वर झाला. त्याचंही पोट फुगायला लागलं तशी शांतादेवी हादरली. नवऱ्याला म्हणाली, "आता बीड न्हाई. औरंगाबादला चला. तुमी न्हाई आलात तर मी एकली जाते."

औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी पोराचं रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला. मग म्हणाल्या, "याला सीलिअ‍ॅक आहे. गव्हानं आतडं झिजतं. हे घराण्यात असू शकतं, तुम्ही दोघंही रक्त द्या."

रेवणसिद्धचं रक्त साफ निघालं. शांतादेवीचं निघालं नाही. पुढच्या तपासणीत तिच्याही आतड्यात तेच दिसलं.

"तुमचा अशक्तपणा त्यातलाच," बाई म्हणाल्या. "भाकरीवर राहिलात म्हणून निभावलं. दोघांनीही गहू कायमचा सोडा. रवा, मैदा, बिस्किटंसुद्धा."

"बाई, माजी थोरली अशीच वाळून गेली. तिला मी चीक चारायची. गव्हाचा."

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. "आता खात्रीनं नाही सांगता येणार. तुम्ही जाणून तर केलं नाही ना."

परतीच्या एसटीत ती रडली नाही. बीड जवळ आल्यावर रेवणसिद्ध पुटपुटला, "दुकानातला चांगला गहू मीच निवडून देत व्हतो." तेव्हा मात्र तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली की पीठ मिसळतं, म्हणून तिनं जातं मांडलं. सोमेश्वर भरत गेला, शाळेत जायला लागला. तो धावताना दिसला की तिला बरं वाटायचं, आणि लगेच शिवानी आठवायची.

लिंबागणेशला एका लग्नात माय-लेक पंगतीत घरची भाकर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "पुऱ्या सोडून भाकर कावून खाता?"

"आमाला गहू बाधतो."

बाई हसली. "गहू बी कुनाला बाधतो व्हय?"

"माज्या लेकीला बाधला," शांतादेवी म्हणाली. "गेली ती."

बाईचं हसू मावळलं. सोमेश्वरचा घास हातातच राहिला.

"कोन्ती लेक, माय?"

पंगतीत वाढपी ओरडत होते. शांतादेवीनं त्याला जवळ ओढलं आणि म्हणाली, "तुजी ताई. शिवानी तिचं नाव."