दोन ओळींमधला शब्द

माझ्या बायकोला, शालिनीला अर्धांगाचा झटका आला, तिची वाचा गेली आणि त्यानंतर देवाशी माझंही बोलणं हळूहळू बंद पडलं. रविवारी चर्चला जायचो, उभं राहायच्या वेळी उभा राहायचो, गुडघे टेकायच्या वेळी टेकायचो. पण आत काही हलत नव्हतं. सदाशिव पेठेतल्या शाळेत हिने जन्मभर मराठी शिकवलं. हिच्या शुद्धलेखनाचा धाक असा, की मुख्याध्यापकसुद्धा नोटीस लावण्याआधी हिला दाखवून घेत. नेमके हिचेच शब्द देवाने का काढून घ्यावेत? "दुसरं काहीही घेतलं असतंस तर चाललं असतं," असं मी त्याला एकदा सुनावलंही. उत्तर आलं नाही. मग मीही गप्प झालो.

तिला सगळं समजत होतं. डोळे पूर्वीसारखेच तल्लख होते. पण बोलायला गेली की ओठ हलायचे, "हं" एवढाच आवाज यायचा आणि मग ती रागाने मान फिरवायची. आमची मुलगी हिंजवडीला संगणक कंपनीत होती. ती आईसमोर हसून वावरायची आणि स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसायची.

आमच्या फादरांना हे सगळं दिसत असणार. एक दिवस विश्रांतवाडीच्या आमच्या घरी येऊन त्यांनी माझ्या हातात एक झेरॉक्स ठेवली. तरुणपणी मी काही वर्षं सेमिनरीत काढली होती. फादर व्हायचं सोडून नवरा झालो, पण लॅटिन थोडंफार टिकलं. पुढे जर्मन शिकून एका कारखान्यात जर्मन यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं केली. नवं आर्थिक धोरण आलं, कारखान्याला परदेशी भागीदार मिळाला, टेबलाटेबलावर संगणक बसले आणि मला स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. म्हणजे विद्या होती आणि वेळही होता.

ते पान मध्ययुगातल्या युरोपातल्या एका मठात लिहिलेलं होतं. मेंढपाळाचं ते प्रसिद्ध स्तोत्र त्यावर होतं. मूळ लॅटिन ओळी मोठ्या, डौलदार अक्षरांत. दोन ओळींमध्ये मुद्दाम राखलेली जागा, आणि तिथे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात त्याचा अर्थ. कुठे सोप्या लॅटिनमध्ये, कुठे त्या मठवाशांच्या गावच्या बोलीत. शिवाय चारी बाजूंच्या समासात जुन्या आचार्यांची मतं. हा असं म्हणतो, तो तसं म्हणतो. एकाने लिहिलं, शंभर वर्षांनी दुसऱ्याने त्याखाली भर घातली. मूळ शब्दाला कोणी हात लावायचा नाही, पण त्याच्याभोवती बसून गप्पा मात्र मनसोक्त मारायच्या, असा सगळा प्रकार.

"उपवासकाळातली एक संध्याकाळ आपण या स्तोत्राला देऊ," फादर म्हणाले. "असंच पान मराठीत करा. वर लॅटिन, खाली आपला शब्द, बाजूला टिपा."

मुलीने संगणकावर मांडणी करून मोठ्या अक्षरांतले कागद छापून आणले. "बाबा, समास ऐसपैस सोडलाय," ती म्हणाली. "तुमचे सगळे विद्वान मावतील, भांडले तरी."

मी पहिल्याच क्रियापदाला अडकलो. आपल्या मराठी स्तोत्रात प्रभू 'मेंढपाळ आहे' असं सरळ येतं. लॅटिनमध्ये मात्र तिथे 'रेजित' असं क्रियापद आहे. त्याचा साधा अर्थ राज्य करतो, चालवतो, ताब्यात ठेवतो. ज्या संताने बायबल लॅटिनमध्ये आणलं, त्याने ही स्तोत्रं एकदा ग्रीकवरून केली, तेव्हा 'राज्य करतो' घातलं आणि पुढे मूळ हिब्रूवरून केली, तेव्हा 'चारतो'. मग शेकडो वर्षं टीकाकार समासात तेच चघळत बसले. राजा म्हणावं, तर मेंढराचा चारा जातो. चारणारा म्हणावं, तर राजाचा दरारा जातो. दोन्ही एका शब्दात हवं होतं. मी 'राज्य करतो' लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. खरं सांगायचं तर माझ्या मनाला त्या वेळी तेच पटत होतं. राजा आहे, मनाला येईल ते करतो.

शालिनीला बोलायला शिकवण्यासाठी मी तिला सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात नेत असे. त्या दिवशी डॉक्टरांना उशीर होता, म्हणून बाकावर मी कागद काढून बसलो. शेजारी शालिनी. इतक्यात साठीच्या एक बाई आत आल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी. भावासाठी वेळ ठरली आहे, तो रिक्षातून उतरतोय, असं त्यांनी खिडकीशी सांगितलं.

"तुमचा वार मंगळवार," खिडकीतल्या बाई वर न बघता म्हणाल्या. "आज गुरुवार आहे. घरी कॅलेंडर असेल ना?"

"असतं हो. ते बोलत नाही, म्हणून तर इथे यावं लागतं," असं म्हणत त्या हसल्या, भावाला रिक्षातच थांबायला सांगून आल्या आणि श्वास घ्यायला आमच्या बाकावर टेकल्या. माझ्या कागदाकडे त्यांची नजर गेली.

"अहो, हे तर आमच्या पालीच्या वर्गासारखं आहे!" त्या म्हणाल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या बुद्धविहारात पाली शिकायला जात होत्या. "आमचे सरही असंच एकेका शब्दाखाली मराठी शब्द लिहायला लावतात. आख्खं वाक्य बघितलं की मला घाम फुटतो. एक शब्द जमतो."

मी माझी अडचण सांगितली. त्या ऐकता ऐकता शालिनीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "या केव्हाच्या तुमचा कागद वाचतायत. यांना विचारा की."

"तिला बोलता येत नाही," मी खालच्या आवाजात म्हटलं.

"बोलायला कुठे सांगतेय? चूक आहे का, एवढं बघू द्या त्यांना."

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि शालिनीच्या डाव्या हातात दिली. कागद तिच्या मांडीवर ठेवला. शालिनीने 'राज्य करतो' वाचलं. तिच्या कपाळावर आठी आली. ती आठी मी संसारभर पाहिली होती. वह्या तपासताना यायची तीच. तिने वेड्यावाकड्या रेघेने ते दोन्ही शब्द खोडले. मग ओठ हलले. एकदा नुसतीच हवा गेली. दुसऱ्यांदा "रा" आला. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण घाई केली नाही.

"राख... तो," शालिनी म्हणाली. आणि पुन्हा, माझ्याकडे बघून, "राखतो."

नगर जिल्ह्यातल्या तिच्या माहेरी शेरडं-मेंढरं होती. मेंढरं राखणं म्हणजे चारणं, वळवणं, लांडग्यापासून वाचवणं, सगळं त्या एका शब्दात. ज्यासाठी लॅटिनला दोन शब्द लागले, ते तिने एकात बसवलं होतं. पण हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी दवाखान्याच्या बाकावर हुंदके देऊन रडत होतो, शालिनी हसत होती आणि खिडकीतल्या बाई पहिल्यांदाच वर बघत होत्या.

"मास्तर, नापास झालात!" त्या पाहुण्या बाई मला म्हणाल्या. जयभीम करून, भाऊ खोळंबलाय म्हणत त्या निघूनही गेल्या. मी नावसुद्धा विचारलं नाही. पुढे अनेक मंगळवारी मुद्दाम जाऊन बसलो, पण त्या दिसल्या नाहीत. वार चुकला नसता तर, एवढं मनात येतं आणि मी तिथेच थांबतो.

डॉक्टरांनी ही युक्ती लगेच उचलली. मी मुद्दाम चुकीचे शब्द लिहायचे आणि शालिनीने संतापून दुरुस्त करायचे. स्तोत्र संपेपर्यंत तिचे पुष्कळ शब्द परत आले. उपवासकाळातल्या त्या संध्याकाळी फादरांनी लॅटिन शब्द वाचला, आणि मराठी शब्द शालिनीने खुर्चीतून सांगितला. तो आवाज आणखी कुणाला अडखळता वाटला असेल, मला नाही.

त्या जुन्या मठवाशांचा मी आता ऋणी आहे. त्यांना ठाऊक होतं, की शब्द आपल्या मालकीचा नाही. म्हणून ते ओळींमध्ये जागा सोडत आणि पुढे कुणाच्या तरी हातून ती भरेल, यावर विसंबत. मला मात्र प्रत्येक जागा स्वतः भरायची होती, देवाचं उत्तरसुद्धा. ज्याला राखलं जातंय, त्याने कुरणाचा नकाशा मागू नये, एवढं मी शिकलो.

आता आमची संध्याकाळची प्रार्थना पुन्हा सुरू आहे. मी बोलतो, शालिनी डोळे मिटून ऐकते. मध्येच तिचा डावा हात वर होतो. मी थांबतो, ती सांगते तो शब्द घालतो, आणि मग आम्ही दोघं आमेन म्हणतो.